एमआरआयमध्ये ऑक्सिजनही कळतो

कुणीतरी विचारलंय की एमआरआयमध्ये कॅन्सरच्या गाठीचा आकारच दिसतो ना, गाठीतला ऑक्सिजन कसा कळणार. कळतो की! पेशंटला मास्कमधून १०० टक्के ऑक्सिजन देतात, जिथे पुरवठा चांगला आहे तिथे जादाचा ऑक्सिजन नुसता विरघळून राहतो आणि सिग्नल बदलतो, जिथे आधीच टंचाई आहे तिथे तो रक्तातलं हिमोग्लोबिनच पकडून ठेवतं, मग तसा बदल दिसत नाही. गाठीतला मेलेला भागही असाच गप्प राहतो म्हणून जोडीला गॅडोलिनियमचं (रक्तपुरवठा स्कॅनमध्ये उठून दिसावा म्हणून देतात ते औषध) इंजेक्शन देऊन रक्त पोचतंय का तेही बघतात. तोंडा-घशाच्या कॅन्सरमध्ये हे फार महत्त्वाचं आहे हो, कारण ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारायला रेडिएशनचा डोस जवळपास अडीच ते तीनपट लागतो. शिवाय पेट (PET) स्कॅनमध्ये देतात तसं किरणोत्सारी औषध यात नाही, त्यामुळे उपचार चालू असतानाही परत बघता येतं.