बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल टीमच्या टीव्ही कॉमेंटेटर डॉन ऑर्सिलोला कॉमेंट्री बॉक्समधून घालवलं ते चूकच होतं, तुम्हाला काय वाटतं?

फेनवेवारी
परवा मुलीला 2007 ची ती पिझ्झाची क्लिप दाखवली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, एप्रिलमधला पेट्रियट्स डे, फेनवे पार्कवर रेड सॉक्स विरुद्ध एंजल्स, एंजल्सचा गॅरेट अँडरसन फाउल बॉल (रेषेबाहेर उडालेला) पकडायला कठड्यापाशी धावत आला आणि त्या गडबडीत एका प्रेक्षकाने दुसऱ्याला पिझ्झाचा तुकडा फेकून मारला. रेड सॉक्सच्या मॅचेस दाखवणाऱ्या नेसन चॅनलवर कॉमेंट्रीला डॉन ऑर्सिलो आणि जेरी रेमी. रिप्ले लागला आणि दोघंही हसत सुटले, रेमी तर प्रत्येक फ्रेमचं विश्लेषण करत होते, एखादा डबल प्ले (एकाच बॉलवर दोन आउट) समजावून सांगावा तसं. मुलगी पोट धरून हसली आणि मग विचारलं, बाबा हे दोघं आता कुठे असतात?

रेमी 30 ऑक्टोबर 2021 ला कॅन्सरने गेले. डॉनचा करार 2015 चा सीझन संपल्यावर वाढवलाच नाही. हे सांगताना इतक्या वर्षांनीही मला राग आला, म्हणून धागा काढतोय.

मी 2003 ला नाशिकहून वूस्टरला आलो. बेसबॉल म्हणजे काय याची शून्य कल्पना, ऑफिसात मात्र सगळे तेच बोलायचे. रूममेटच्या टीव्हीवर रोज रात्री हे दोघं असायचे. रेमी स्वतः सेकंड बेसमन, एंजल्स आणि मग रेड सॉक्सकडून खेळलेले, त्यामुळे शॉर्टस्टॉपचा फील्डर दोन पावलं डावीकडे का सरकला हे ते बॉल पडायच्या आधी सांगायचे, आणि डॉन बरोबर तो प्रश्न विचारायचा जो माझ्या डोक्यात असायचा. इनफिल्ड फ्लायचा किचकट नियम मला कुणी माणसाने बसून शिकवला नाही, या दोघांनी शिकवला. 2004 ला रेड सॉक्सने 86 वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची फायनल, जिंकली तेव्हा मी वर्षभराचाच फॅन होतो पण रडलो, आणि त्याचं श्रेय या जोडीला आहे.

ऑगस्ट 2015 मध्ये अचानक बातमी बाहेर आली की पुढच्या वर्षी डॉन नाही, डेव्ह ओब्रायन येणार. कारण काय दिलं तर प्रसारणात नवा जोम आणायचाय. साठ हजारांच्या वर लोकांनी सह्या केल्या, काही उपयोग झाला नाही. क्लीव्हलंडला सीझनची शेवटची मॅच संपल्यावर खेळाडूंनी मैदानातून वर बॉक्सकडे बघून डॉनला टोप्या काढून सलाम केला. खेळाडूंना कळत होतं ते चॅनलला कळलं नाही.

माझं म्हणणं एवढंच, जोडी जमायला वर्षं लागतात आणि ती तोडायची तर त्याला ठोस कारण पाहिजे.

डगआउट
तुमच्या भावनेबद्दल आदर आहे पण मी पूर्ण असहमत. एक तर ओब्रायन कुणी उपरा नव्हता, 2007 पासून 2015 पर्यंत रेड सॉक्सच्याच रेडिओवर जुने कॉमेंटेटर जो कॅस्टिग्लिओनी यांच्याबरोबर बसत होता, शिवाय नॅशनल चॅनलवर. बॅरी बॉन्ड्सचा विक्रमी 756 वा होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा) ज्याने टीव्हीवर सांगितला तो माणूस. त्याचा आवाज, पिचचं (टाकलेल्या बॉलचं) वाचन, सगळं पहिल्या दर्जाचं आहे. दुसरं म्हणजे 2014 आणि 2015 दोन्ही वर्षी टीम डिव्हिजनमध्ये (पाच टीमच्या गटात) शेवटची. लोक टीव्ही बंद करत होते. अशा वेळी मालक काहीतरी बदलणारच, मॅनेजर असो जनरल मॅनेजर असो नाहीतर कॉमेंटेटर असो. आणि 2018 ला 108 मॅच जिंकल्या तो अख्खा सीझन आपण ओब्रायनच्याच आवाजात ऐकला ना? मला तरी काही कमी वाटलं नाही.

फेनवेवारी
@डगआउट ओब्रायन वाईट आहे असं मी कुठे म्हटलंय? तो चांगलाच आहे. पण टीम हरत होती ती पिचिंगमुळे, बॉक्समध्ये बसलेल्या माणसामुळे नाही. उलट 2015 च्या 78 विजय, 84 पराभवांच्या सीझनमध्येसुद्धा मी रोज टीव्ही लावत होतो तो या दोघांसाठी.

तिसरीबेस
मी ओहायोत राहते, माझी टीम वेगळी, पण एक मुद्दा मांडते. जुना आवाज गेला की सगळे नव्या माणसाला पहिल्या आठवड्यातच नापास करतात. 2024 ला ओकलंडच्या टीव्हीवर जेनी कॅव्हनार आली, मेजर लीगच्या इतिहासात एखाद्या टीमची मुख्य प्ले-बाय-प्ले कॉमेंटेटर झालेली पहिली बाई. तिच्याबद्दल काय काय लिहिलं गेलं ते मी वाचलंय. खेळाबद्दल एक शब्द नाही, आवाज बारीक आहे, कानाला सवय नाही, हेच. अहो सवय ऐकूनच होणार ना! खुर्ची कधी रिकामीच झाली नाही तर असं कुणी येणार कसं? म्हणून बदल म्हटलं की मी सरसकट विरोधात जात नाही.

खाडीकाठी
@तिसरीबेस, कॅव्हनारबद्दल 100% अनुमोदन, मी इथे फ्रीमाँटला राहतो, तिच्या मॅचेस ऐकल्यात आणि ती तयारी करून येते. पण फेनवेवारींचा मुद्दा वेगळा आहे असं मला वाटतं, खुर्ची रिकामी होणं वेगळं आणि बसलेल्या माणसाला उठवणं वेगळं. आमच्या सान फ्रान्सिस्को जायंट्सकडे क्रूक आणि काइप, म्हणजे माइक क्रूको आणि ड्वेन काइपर, दोघंही जायंट्सचेच जुने खेळाडू, नव्वदच्या दशकापासून एकत्र आहेत. क्रूकोंना स्नायूंचा आजार झाला, प्रवास कमी झाला, काइपरना 2021 ला केमो घ्यावी लागली. क्लबने त्यांच्या तब्येतीप्रमाणे मॅचेस कमी-जास्त केल्या, बाकीच्या दिवशी दुसरे बसतात, आणि लोकांनी ते आनंदाने मान्य केलं. बदल तिथेही झालाच की, पण माणसाला धरून झाला.

आणि जॉन मिलर आम्हाला कसे मिळाले? बॉल्टिमोर ओरिओल्सने त्यांना 1996 नंतर ठेवलं नाही म्हणून. 1997 पासून ते जायंट्सच्या रेडिओवर आहेत. ओरिओल्सच्या जुन्या फॅन्सचा त्याबद्दलचा राग मी स्वतः ऐकलाय. तुमचा डॉन सान डिएगो पाड्रेजकडे गेला तेही तसंच, तिथे मार्क ग्रँटबरोबर त्याची जोडी इतकी जमलीये की पाड्रेजचे फॅन बोस्टनचे आभार मानतात.

डगआउट
@खाडीकाठी हेच तर! म्हणजे डॉनचं भलंच झालं. मग रडायचं कशाला?

फेनवेवारी
त्याचं भलं झालं, आमचं नाही झालं. तो न्यू हॅम्पशरमध्ये वाढला, बोस्टनला नॉर्थईस्टर्नमध्ये शिकला, कॅस्टिग्लिओनींच्या हाताखाली इंटर्न होता, मग पॉटकेटला मायनर लीगच्या मॅचेस रेडिओवर करत वर चढला, नेसनवर 2001 ला पहिली मॅच मिळाली त्यातच हिदेओ नोमोचा नो-हिटर (समोरच्या टीमला एकही हिट न देता मॅच)! घरचा माणूस तीन हजार मैल लांब पाठवला.

सदाशिवपेठी
मी बेसबॉल बघत नाही, क्रिकेटवाला आहे, पण धागा वाचून राहवलं नाही. आमच्या लहानपणी आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं समालोचन असायचं, वडील ट्रान्झिस्टर कानाला लावून अंगणात फेऱ्या मारायचे. मॅच कुठली होती, कोण जिंकलं हे मला आज आठवत नाही, तो आवाज आठवतो. त्यामुळे तुमचं दुःख कळतं.

2016 ला आयपीएलच्या तोंडावर हर्षा भोगलेला पॅनलवरून काढलं तेव्हाही हाच संताप झाला होता. कारण कुणी धड सांगितलं नाही, स्वतः हर्षालाही नाही. माणूस काढलात तर कारण सांगा, प्रेक्षक म्हणून एवढी अपेक्षा चूक आहे का?

डगआउट
@सदाशिवपेठी, काका, कारण सांगावं हे मान्य. त्या बाबतीत 2015 ला चॅनलचं चुकलं, बातमी बाहेरून फुटायला नको होती, हे मी सरळ कबूल करतो.

पण एक गोष्ट इथे कुणीच बोलत नाहीये. 2023 पासून पिच क्लॉक आलंय. बेसवर कुणी नसेल तर पिचरला 15 सेकंदांत बॉल टाकावा लागतो. मॅच आधी तीन तासांच्या वर जायची ती आता पावणेतीन तासांच्या आत संपते. डॉन आणि रेमींची जी मजा होती ना, ती दोन पिचच्या मधल्या रिकाम्या वेळात होती. बाजूच्या छोट्या खुर्चीत बसवलेल्या वॉली या रेड सॉक्सच्या मॅस्कॉटच्या बाहुलीबद्दल बोलणं, पिझ्झा पाचदा दाखवणं, हे सगळं आता बसणारच नाही. जोडी राहिली असती तरी ती कॉमेंट्री राहिली नसती. आपण आठवतोय तो काळच वेगळा होता.

खाडीकाठी
हा मुद्दा भारी आहे आणि मी यावर विचार केलाय. वेळ कमी झाला हे खरं, पण मग डॉन आणि ग्रँट पिच क्लॉक असूनही हसवतात ते कसं? मला वाटतं ज्यांची जमलेली असते त्यांना अर्ध्या वाक्यात पुरतं. एकाने फक्त "हं" म्हटलं तरी दुसऱ्याला कळतं. नवीन जोडीला तेच सांगायला तीन वाक्यं लागतात आणि तोवर पुढचा बॉल येतो. म्हणजे क्लॉकमुळे जुन्या जोडीची किंमत उलट वाढली.

तिसरीबेस
पण मग रोज माणसं फिरवतात त्याचं काय? रेमी आजारी असताना आणि गेल्यानंतरही नेसनवर माजी पिचर एकर्स्ली, मग 2022 ला तेही रिटायर झाले, मग युकिलिस, मिलार, मिडलब्रुक्स असे माजी खेळाडू आलटून पालटून. सीझनच्या 162 मॅचेस एकाच माजी खेळाडूने करायच्या म्हणजे घरदार सोडणं आहे, आताच्या पिढीला ते नको असेल तर त्यांना दोष कसा द्यायचा? फिरत्या टीमचा एक फायदा मला दिसतो, मिडलब्रुक्स काही वर्षांपूर्वीपर्यंत खेळत होता, त्याला आजचे पिचर कसे विचार करतात ते माहीत आहे.

फेनवेवारी
@तिसरीबेस फायदा आहे, पण दर महिन्याला पैसे भरून नेसनचं ॲप घ्यायचं आणि आज कोण बोलणार हे टीव्ही लावल्यावर कळायचं, याने आपलेपणा येत नाही. आमच्या घरात आई-बाबा उन्हाळ्यात येतात, त्यांना इंग्रजी फार कळत नाही पण 2012 ला आले होते तेव्हा बाबा रेमींचा आवाज आला की विचारायचे, आज ते आजोबा खुशीत दिसतायत, जिंकतोय का आपण? एवढं कळायला रोज तोच आवाज लागतो.

@डगआउट तुमचं एक मात्र पटलं, निरोप देण्याची पद्धत हा खरा दुखरा भाग आहे. 2024 ला कॅस्टिग्लिओनी 42 सीझननंतर थांबले. स्वतः जाहीर केलं, सीझनच्या शेवटी फेनवेवर लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, मी तेव्हाही रडलो पण राग नव्हता. आणि रेमींनीही 5 ऑक्टोबर 2021 ला यांकीजविरुद्धच्या वाइल्ड कार्डच्या बाद फेरीच्या मॅचला ऑक्सिजन लावून मैदानात येऊन पहिला बॉल टाकला, एकर्स्लींनी झेलला. पंचवीस दिवसांनी गेले. डॉन त्या दिवशी त्यांच्या शेजारी असायला हवा होता.

डगआउट
हे शेवटचं वाक्य मान्य. ओब्रायनबद्दल माझं मत तेच राहील.

सदाशिवपेठी
एक विचारायचं होतं, तुमच्या त्या डॉनची कॉमेंट्री आता ऐकायची असेल तर तुम्ही काय करता? बोस्टनमध्ये दिसते का?

फेनवेवारी
हो काका, लीगचं ॲप आहे, त्यात बाहेरगावच्या टीमच्या मॅचेस दिसतात. पाड्रेजची घरची मॅच आमच्याकडे रात्री पावणेदहाच्या सुमाराला सुरू होते. भांडी घासताना सिंकच्या वर फोन उभा करून ठेवतो, दोन-तीन इनिंग होतात तेवढ्यात. काल मुलगीपण येऊन उभी राहिली.