झोपेत अंग जखडतं, छातीवर कुणीतरी बसतं – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या बहिणीला हल्ली पहाटे जाग येते ती अंग जखडलेल्या अवस्थेत. डोळे उघडे, खोली नीट दिसतेय, पण बोट हलत नाही की तोंडून आवाज फुटत नाही. दाराशी कुणीतरी उभं असतं आणि मग ते येऊन छातीवर बसतं, असं ती सांगते. एकदा मी शेजारीच जागी होते. तिची बुबुळं नुसती भिरभिरत होती. दंडाला धरून हलवलं तशी ती दचकून मोकळी झाली आणि रडायलाच लागली.

हा स्लीप पॅरालिसिस, इतपत वाचून कळलंय. स्वप्नं पडतात त्या रेम झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू ढिले ठेवतो, म्हणजे स्वप्नातली धावपळ अंथरुणात होत नाही. कधी जाग आधी येते आणि ही ढिलाई थोडा वेळ तशीच राहते. स्वप्नही पुरतं संपलेलं नसतं, म्हणून ते ‘कुणीतरी’ दिसतं. २०११ च्या एका आढाव्यात साधारण ७.६ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव आल्याचं आढळलं. विद्यार्थ्यांत तर २८ टक्के.

पण आमच्याकडे कुणीतरी ‘बाहेरचं आहे’ म्हणालं आणि ते तिच्या मनात बसलंय. आता तिला झोपायचीच भीती वाटते. जागरणाने हा त्रास वाढतो, त्यामुळे जास्तच काळजी वाटते. मी तिला सांगितलं की कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमधल्या लोकसमजुतीत लोकांच्या छातीवर म्हातारी बसते, आणि ब्राझीलच्या लोककथांतली पिसादेइरा नावाची म्हातारी उताणं झोपणाऱ्यांना तुडवते. (उताणं झोपल्यावर हे जास्त होतं, असं संशोधकही म्हणतात!) त्यावर ती म्हणाली, “म्हणजे सगळीकडे आहे ना ते?” मला उत्तर सुचलं नाही.

तर ज्यांनी हे स्वतः सोसलंय त्यांनी कृपया सांगा, तुमची भीती कशाने गेली? त्या क्षणी पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करणं, श्वासावर लक्ष देणं याचा खरंच उपयोग होतो का? कुशीवर झोपून फरक पडला का? दिवसा अनावर झोप येणं किंवा हसताना गुडघे लटके पडणं असलं काही तिला नाही, म्हणजे नार्कोलेप्सी या झोपेच्या आजाराची लक्षणं दिसत नाहीत. तरीही डॉक्टरांना दाखवायचंच आहे. आधी फॅमिली डॉक्टर की थेट न्यूरॉलॉजिस्ट?

आणि तिच्या त्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिलं असतंत, तेही लिहा. मी हा धागा तिला वाचायला देणार आहे.