सेंटरपिन रीळ लेथवर घडवताना अचूकता कुठे हवी?

प्रश्न: भीमेच्या संथ धारेत गळाने मासे धरताना फ्लोट (दोरीला बांधलेला तरंगता खुणेचा तुकडा) सोडण्यासाठी, सोलापुरातल्या ओळखीच्या लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमचे सेंटरपिन रीळ (मधल्या पिनेवर मोकळे फिरणारे, दोरी गुंडाळायचे चाक) करून घ्यायचे आहे. सर्वाधिक काळजी कशाची घ्यावी?

उत्तर १: पिनेची, म्हणजे दोरी गुंडाळायचा ड्रम ज्यावर फिरतो त्या मधल्या दांडीची. या रिळात गिअर नसतात. मूठ एकदा फिरली की ड्रमही एकदाच फिरतो, आणि प्रवाहाच्या नुसत्या ओढीने दोरी सुटत राहावी, हे सारे त्या पोलादी पिनेवर अवलंबून असते. म्हणून बुशचे (पिनेवर बसणाऱ्या नळीचे) भोक ड्रिलवर न सोडता रीमरनेच (भोक अचूक मापाचे करणाऱ्या हत्याराने) पुरे करावे.

उत्तर २: शिवाय ड्रम आणि भोक एकाच पकडीत टर्न करावे, चकमधून (लेथच्या पकडीतून) काढून पुन्हा बांधले की रनआउट (फिरताना मध्य सरकल्याने येणारी डगमग) येतोच.

उत्तर ३: दादा, तोलही पाहावा. ड्रम हलकेच फिरवल्यावर दरवेळी एकच बाजू खाली येऊन थांबत असेल, तर ती जड आहे; बॉल बेअरिंग बसवूनही हा दोष जात नाही.