आधी त्यांची लय पकडा

स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) झालेले वडील आता बोलतच नाहीत, तर गाणी लावून काही उपयोग होईल का, असं एका ताईंनी विचारलंय. होतो. पण नुसता रेडिओ लावून उठू नका, शेजारी बसा.

नेओमी फाइल या अमेरिकन समाजसेविकेचा एक व्हिडिओ जरूर बघा. 'व्हॅलिडेशन', म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या भावना खऱ्या मानून त्यांच्याशी संवाद साधायचा, ही पद्धत त्यांचीच. व्हिडिओत त्यांच्यासमोर बसलेल्या आजी बोलत नाहीत, नुसता हात आपटत असतात. फाइल त्यांच्या गालांवरून हात फिरवत ओळखीची प्रार्थना गातात. हात जलद पडला की गाणं जलद, मंदावला की मंद. शेवटी आजींच्या तोंडून शब्द फुटतात!

माझ्या सासूबाई मला ओळखेनाशा झाल्या होत्या. एका संध्याकाळी मी भजन म्हणताना त्यांचा अंगठा चादरीवर ठेका धरताना दिसला. मी माझी चाल त्या अंगठ्याच्या गतीने धरली, तर त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. किती दिवसांनी पाहिलं होतं!

वडिलांच्या पंधरा ते पंचविशीतली गाणी आठवून काढा, ती सहसा सगळ्यात खोल रुजलेली असतात. टीव्ही बंद, आवाज हळू. कपाळावर आठी दिसली तर लगेच थांबा, तेही त्यांचं बोलणंच आहे.