साइन लँग्वेज / कर्णबधिर शिक्षणात पीजी करायचंय, कुठला कोर्स घेऊ?

सड्यावरची: नमस्कार, मी कुडाळची, यंदा बीए झालं. धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर, घरात आमच्या आमच्याच खुणा चालतात, नाकाकडे बोट नेलं की सुकी मासळी, पण खरी साइन लँग्वेज मला येत नाही. याच विषयात मास्टर्स करायचंय. कोणी म्हणतं एमएएसएलपी कर स्कोप आहे, कोणी म्हणतं बांद्र्याची कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था, मामा म्हणतो थेट अमेरिकेत गॅलॉडेट, कर्णबधिरांचं विद्यापीठ. डोकं गरगरतंय नुसतं.

चिपळूणचे सर: एमएएसएलपी सोड. ते ऑडिओलॉजी, स्पीचवालं, म्हणजे ऐकणं तपासायचं आणि बोलण्यावर उपचार करायचं, त्याला आधी त्याच विषयातली पदवी, बीएएसएलपी, लागते आणि तिला बारावी सायन्स. शिकवायचं असेल तर बीएड स्पेशल, श्रवणदोष घेऊन, दोन वर्षं, मग एमएड. कॉलेजला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता यंदा आहे का ते साइटवर स्वतः बघ, नाहीतर रजिस्ट्रेशन नंबर मिळत नाही आणि स्पेशल शाळेत उभं करत नाहीत.

रत्नांग्रीकर: मी स्वतः कर्णबधिर. ताई, सरांचं बरोबर पण बीएडमध्ये साइन बऱ्याच ठिकाणी तोंडी लावण्यापुरतीच. आमच्या शाळेत सर बोलायचे आणि आम्ही ओठ बघायचो, त्यात सरांना भरघोस मिशी, आणि फळ्याकडे वळले की आमचा तास संपला. म्हणून आधी विचार, शिकवणाऱ्यांत कर्णबधिर किती आहेत. आणि आधी साइन शिक. दिल्लीच्या आयएसएलआरटीसीचा, म्हणजे भारतीय साइन लँग्वेजच्या सरकारी संशोधन-प्रशिक्षण केंद्राचा, इंटरप्रिटरचा (दुभाष्याचा) डिप्लोमा बारावीवर मिळतो. त्यांच्या डिक्शनरीत २०२१ ला १०,००० शब्द झाले, व्हिडिओ फुकट आहेत, आज रात्रीच सुरू कर.

मालवणी तिखट: गो बाय, मामाक सांग गॅलॉडेट १८६४ पासूनची, नाव मोठा, पण थंय अमेरिकन साइन चालता. ते लोक एबीसीडी एका हाताने करतात, आपल्याकडे दोन हातांनी, भाषाच वेगळी. शिवाय खर्च डॉलरात! रिसर्चच करायचा असेल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लिंग्विस्टिक्सचं एमए आहे, तिथे आयएसएलवर (भारतीय साइन लँग्वेजवर) काम करता येतं का विचार.

सड्यावरची: मला शिकवायचंच आहे, तेही इकडेच. म्हणजे आधी डिप्लोमा मग बीएड, एवढी वर्षं घरचे थांबतील का देव जाणे. बांद्र्याला एकदा जाऊन बघू का?

रत्नांग्रीकर: जा की. तुतारी एक्सप्रेसने दादर, पुढे लोकल. भावाला घेऊन जा, त्याच्याशी तिथे कोण कसं बोलतं ते बघ. आणि येऊन इथे लिही, माझ्या भाचीला पण तेच करायचंय.