इलेक्ट्रिक कुकरमध्ये मक्याची कणसं शिजत नाहीत, मदत हवी आहे (आज संध्याकाळच्या आत)

निशिगंध | शनिवार, दुपारी २:१०
इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घेऊन तीन आठवडे झाले. भात, वरण, राजमा सगळं छान होतंय. कणसं मात्र दोनदा बिघडली. इंटरनेटवर सगळीकडे तीन मिनिटं लिहिलंय म्हणून तीन लावली, दाणे कच्चे. मग पाच लावली, तरी कडक. संध्याकाळी सहाला सासूबाई येणार आहेत. उकडलेलं कणीस त्यांच्या फार आवडीचं, पण आता त्यांना दातांची कवळी आहे, त्यामुळे मऊच लागतं. घरात सहा कणसं उरली आहेत. किती मिनिटं लावू? कृपया नेमका आकडा सांगा.

तिखटमीठ | २:१६
कुकर किती लिटरचा? पाणी किती घातलं? कणसं पाण्यात बुडवली होती की जाळीवर ठेवली? झाकणावरचा खटका बंदच्या बाजूला होता ना?

गोदाकाठ | २:१९
साध्या कुकरला चार शिट्ट्या काढा, दहा मिनिटांनी झाकण उघडा. माझी आई चाळीस वर्षं असंच करत आली. ही विजेची यंत्रं आपल्या स्वयंपाकासाठी नाहीतच.

निशिगंध | २:२५
सहा लिटरचा. पाणी दीड कप, कणसं जाळीवर. खटका बंद होता, वाफ कुठूनही जात नव्हती.
गोदाकाठ, साध्या कुकरचं सांगू नका. काल सिलिंडर संपला, नवा सोमवारी येणार. गॅसच नाहीये.

गोदाकाठ | २:२८
मग हे आधी लिहायचं ना. शेजारून एक दिवसासाठी सिलिंडर मागून घ्या.

अवनी_फ्रीमाँट | २:३१
इथे अमेरिकेत उन्हाळाभर आम्ही अशाच कुकरमध्ये कणसं करतो. एक कप पाणी, जाळी, दोन मिनिटं, आणि वेळ झाली की लगेच वाफ सोडायची. पाच मिनिटांत तर दाण्यांचा लगदा होतो, कणीस हातातही धरवत नाही. दोन मिनिटांत शिजत नसेल तर तुमच्या झाकणाचं रबर नक्की गेलंय. बदलून घ्या.

पाणचक्की | २:४०
रबर गेलं असतं तर राजमा कसा शिजला असता?
निशिगंध, गॅसवरच्या आपल्या कुकरचा दाब शिट्टीच्या वेळी दर चौरस इंचाला साधारण १५ पौंड असतो, म्हणजे आतलं तापमान १२१ अंशांच्या आसपास. इलेक्ट्रिक कुकर बहुतेक १० ते साडेअकरा पौंडांवर चालतात, तिथे तापमान ११५-११७ अंश. त्यामुळे शिट्ट्यांचा हिशोब मिनिटांत जसाच्या तसा उतरत नाही, जरा जास्त वेळ द्यावा लागतो. पण तीन मिनिटांचं पाच करूनही दाणा कडक राहतो, तो केवळ या फरकामुळे नाही. दुसरं काहीतरी आहे. झाकणावरची छोटी पिन वर आली होती का?

निशिगंध | २:४४
हो, दोन्ही वेळा. पिन वर आल्यावरच मिनिटं मोजायला सुरुवात झाली. मशीन नीट आहे हो! मला फक्त वेळ सांगा.

घाटमाथा | २:४९
तुम्ही राहता कुठे? मी पाचगणीला असते. इथे उंचीमुळे सगळ्यालाच जास्त वेळ लागतो. माझ्या कुकरच्या पुस्तिकेत आहे की २००० फुटांच्या वर दर हजार फुटांमागे वेळ ५ टक्के वाढवा. मी तसंच करते आणि डाळ कधीही कच्ची राहत नाही.

निशिगंध | २:५१
पुण्यात.

पाणचक्की | २:५४
पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, म्हणजे २००० फुटांच्या आतच. इथे उंचीचा संबंध नाही. आणि तीन मिनिटांच्या ५ टक्के म्हणजे नऊ सेकंद.

वडाची_पारंबी | २:५८
अमेरिकेतून कुणी आणून दिलेला कुकर आहे का? असेल तर आधी मागच्या बाजूला १२० व्होल्ट लिहिलंय का बघा. आपल्याकडे २३० असतात, थेट लावला तर जळतो. सहा लिटरच्या कुकरला साधारण हजार वॅट लागतात, त्यामुळे प्रवासातला छोटा कन्व्हर्टरही पुरत नाही. भावाने हौसेने आणलेला आमचा कुकर पहिल्याच दिवशी गेला. ठप्प आवाज झाला आणि संपलं.

निशिगंध | ३:०१
इथलाच आहे, पुण्यात घेतला. २३० व्होल्ट. तीन वाजून गेले, मी अजून तिथेच आहे.

काळीमाती | ३:०४
मका कोणता आहे?

निशिगंध | ३:०५
कोणता म्हणजे? मका म्हणजे मका. ताजी कणसं आहेत.

काळीमाती | ३:०९
ताई, सगळा घोळ तिथेच आहे. दाणे पिवळेधमक, टपोरे आणि कच्चे खाल्ले तरी गोड लागतात का? की पांढरट आहेत? पॅकबंद आणलीत की कुणी शेतावरून दिली? तोडून किती दिवस झाले?

निशिगंध | ३:१५
दाणे पांढरे आहेत, काही कणसांत एखादा पिवळा दाणा. दीर मंगळवारी सिन्नरजवळच्या शेतावरून घेऊन आले. सालं काढून फ्रीजमध्ये ठेवली होती. याने एवढा फरक पडतो?

काळीमाती | ३:२७
पडतो, खूप पडतो. तीन मिनिटं लिहिणारे सगळे स्वीट कॉर्नबद्दल लिहितात. त्या दाण्यात साखर जास्त, पिठूळपणा कमी, साल पातळ. तो नुसता गरम केला तरी खाता येतो. तुमचा मका गावरान. त्याचा दाणा पिठाचाच. तो कोवळा असताना दुधाळ असतो आणि तेवढ्यापुरता गोड लागतो. पुढे दुधाचं पीठ होत जातं, साल जाड होते. तोडल्यावरही हे थांबत नाही, साखरेचं पीठ होत राहतं. फ्रीजमध्ये ते मंदावतं इतकंच. मंगळवार ते शनिवार म्हणजे चार दिवस झाले.

आता एक करा. प्रत्येक कणसाच्या मधोमध एका दाण्यात नख खुपसा. पांढरं दूध उडालं तर कणीस कोवळं. दूध न येता ओल्या कणकेसारखा गोळा नखाला लागला तर जरा जून, पण शिजेल. नख आत जातच नसेल आणि दाण्याच्या डोक्यावर खळगा पडला असेल तर ते निबर. ते वेगळं काढा, कवळीवाल्या माणसाला देऊ नका. आमच्याकडे दरवर्षी मका असतो, आणि पाहुण्यांना हे कुणी सांगत नाही म्हणून ते कुकरला दोष देतात.

अवनी_फ्रीमाँट | ३:३३
हे माझ्या लक्षातच आलं नाही. आमच्याकडे बाजारात येतो तो सगळा स्वीट कॉर्नच. निशिगंध, माझी दोन मिनिटं विसरा. रबराबद्दलही उगाच बोलले.

पाणचक्की | ३:३६
आता जमलं. पीठ शिजायचं तर त्याला उष्णता लागते तसं पाणीही लागतं. कोवळ्या दाण्यात पाणी असतंच, जून दाण्यात कमी. म्हणून जाळी काढा, कणसं निम्मी तरी पाण्यात असू द्या.

लसूणपाकळी | ३:३८
पाण्यात मीठ अजिबात घालू नका, मिठाने दाणे कडक होतात. मीठ वरून लावा.

गोदाकाठ | ३:४०
असं काही नसतं. आमच्याकडे मीठ आणि हळद दोन्ही पाण्यातच घालतात, कणीस लोण्यासारखं होतं. मिठाशिवाय उकडलं तर चव आत शिरतच नाही.

लसूणपाकळी | ३:४३
तुमच्याकडे चार शिट्ट्यांत सगळंच लोणी होतं. मी माझ्या घरी दोन्ही प्रकारे करून बघितलंय.

पाणचक्की | ३:४७
मिठापेक्षा पाणी कसलं आहे ते बघा. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम असतं आणि त्याने साल घट्ट राहते. डाळ शिजत नाही म्हणून लोक तक्रार करतात, तेही याचमुळे. फिल्टरचं पाणी घ्या. मीठ घालायचं की नाही ते दोघांनी नंतर भांडून ठरवा, तिचे सहा वाजत आलेत.

रेवातीर | ३:५०
इंदूरहून लिहितेय. कणसं जून असतील तर उकडू नका, किसून भुट्ट्याचा कीस करा! तुपात जिरं-हिंग-हिरवी मिरची, त्यात कीस मंद आचेवर परतायचा, मग दूध घालून आटू द्यायचं, शेवटी लिंबू, कोथिंबीर आणि ओलं खोबरं. सासूबाईंना चावावंही लागणार नाही.

काळीमाती | ३:५३
रेवातीर, कीस कोवळ्या कणसाचाच चांगला होतो. निबर दाणा किसणीवर नुसता घसरतो, बोटं सोलतात. आणि त्यांच्याकडे गॅस नाही.

रेवातीर | ३:५५
त्याच कुकरमध्ये परतायचं बटण असतं हो. पण जून दाण्याबद्दलचं खरं आहे, मान्य.

निशिगंध | ३:५८
नख लावून पाहिलं. सहापैकी एकातून दूध उडालं, थेट चष्म्यावर. तिघांत तुम्ही म्हणता तसा कणकेसारखा गोळा. दोघांत नख गेलंच नाही, दाण्यांवर खळगे आहेत. आता किती मिनिटं?

काळीमाती | ४:०६
निबर दोन बाजूला. उरलेली चार मधून मोडून आठ तुकडे करा आणि तळाशी आडवे लावा. फिल्टरचं पाणी तुकडे निम्मे बुडतील इतकं. भांडं दोन तृतीयांशाच्या वर भरू देऊ नका. जोराच्या दाबावर २० मिनिटं. झाल्यावर लगेच वाफ सोडू नका, दहा मिनिटं तसंच ठेवा. पिठूळ पाणी असतं, एकदम सोडलं तर खटक्यातून फेस उडतो. माझा पुतण्या असाच भाजला होता, म्हणून आवर्जून सांगतोय. दहा मिनिटांनी राहिलेली वाफ चिमट्याने किंवा पळीच्या दांड्याने खटका ढकलून सोडा, हात लांब ठेवून.

कोवळं कणीस यांच्याबरोबरच घातलं तरी चालेल, गावरान आहे, लगदा होत नाही. दाब यायला दहा-पंधरा मिनिटं जातील, ती धरून पाऊण तास. पाचच्या आत नक्की होतं. कच्चं वाटलं तर आणखी सात मिनिटं लावायला वेळ राहतो.

हिरवीमिरची | ४:१०
चिमूटभर खायचा सोडा घाला, दहा मिनिटांत मऊ होतील.

लसूणपाकळी | ४:१२
सोड्याने साल मऊ होते, पण चव साबणासारखी होते. वेळ आहे ना हातात, मग कशाला?

घाटमाथा | ४:२०
एक विचारायचं होतं. माझ्या कुकरच्या झाकणातल्या रबराला मागच्या रविवारच्या सांबाराचा वास लागलाय, तो जात नाही. खीर केली तरी सांबाराचा वास. काय करू?

अवनी_फ्रीमाँट | ४:२६
सिलिकॉन वास धरून ठेवतं. दोन रबरं ठेवा, एक तिखटाचं, एक गोडाचं. आणि कुकर वापरात नसताना झाकण घट्ट लावू नका, उलटं ठेवा. मी रबर रात्रभर व्हिनेगरच्या पाण्यात ठेवते, बराच फरक पडतो. पूर्ण जात नाही.

गोदाकाठ | ४:३१
कणसाची खरी मजा भाजण्यात आहे. सिंहगडावर पावसात, निखाऱ्यावर भाजून, लिंबाच्या फोडीने तिखट-मीठ चोळलेलं. उकडलेलं कणीस म्हणजे आजाऱ्याचं जेवण.

निशिगंध | ४:३३
सासूबाईंना भाजलेलं चावत नाही, गोदाकाठ. सहा वर्षांपूर्वीपर्यंत त्यासुद्धा भाजलेलंच खायच्या. दात काढल्यापासून कणीस बघितलं की नुसत्या हात फिरवतात त्यावर. म्हणून तर एवढी धडपड चाललीय.
कुकर लावलाय. पिन अजून वर आलेली नाही.

गोदाकाठ | ४:३५
माफ करा. हे माहीत नव्हतं. छान होऊ देत कणसं.

निशिगंध | ५:२४
काळीमाती दादा, झालं! २० मिनिटं आणि दहा मिनिटं थांबले. कोवळ्याचे दाणे बोटाने दाबले तरी दबतात. बाकीच्यांतले सहापैकी चार तुकडे मऊ झालेत, दोन तुकड्यांच्या टोकाशी अजून चरचरीत लागतंय, ते मी आणि मुलगा खाऊ. पाणी दुधासारखं पांढरट झालंय आणि गोडसर वास येतोय. ते टाकून देऊ का?

काळीमाती | ५:२९
टाकू नका. त्यात ताक घालून कढी करा, किंवा कणीक भिजवा. आणि आजींसाठी दाणे सुरीने कापू नका, अर्धी साल दांड्यालाच राहते. एक ओळ अंगठ्याने पाडा, मग शेजारची ओळ आपोआप सुटते, दाणा अख्खा निघतो. दाणे वाटीत, वर तूप-मीठ.

निशिगंध | रात्री ९:४०
आधी वाटीत दाणे दिले. दोन चमचे खाल्ले आणि म्हणाल्या, "अख्खं नाही का?" मग कोवळ्या कणसाचा एक तुकडा हातात दिला. पाऊण तास लागला, पण शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ला. दांडा बशीत ठेवला नाही, बराच वेळ हातातच होता.
ती दोन निबर कणसं अजून ओट्यावर आहेत. त्यांचं काय करायचं?

काळीमाती | ९:५२
दाणे सोडवून रात्रभर भिजत घाला, उद्या ३५ मिनिटं लावा आणि उसळ करा. दिरांना निरोप द्या, पुढच्या वेळी कणसं सालासकट द्या आणि तोडली त्याच दिवशी पोचवा. सालात दाणा लवकर सुकत नाही.

हिरवीमिरची | १०:०५
उसळीत तरी सोडा चालेल ना?