मदत हवी आहे: हिमनदीखालच्या गाळाची कातर-ताकद बेळगावच्या लॅबमध्ये कशी मोजू?

नमस्कार मंडळी. मी बेळगावात सिव्हिलच्या एम.टेक.ला आहे. प्रोजेक्टचा विषय हिमनदीच्या तळाचा गाळ. (घरी सांगितलं तर आई म्हणाली, खानापूरच्या पावसावर कर की!)

अंटार्क्टिकातल्या व्हिलान्स हिमप्रवाहावर सुमारे 1 किलोमीटर जाड बर्फातून भोक पाडून तळाचा गाळ वर काढला, त्याची कातर-ताकद (थर एकमेकांवरून घसरायला होणारा विरोध) जेमतेम 2 किलोपास्कल भरली. बर्फाचं बहुतेक वजन गाळातलं पाणीच पेलतं. कॅनडाच्या ट्रॅपरिज हिमनदीत तर स्ट्रेन गेज (दांडा किती वाकतो ते मोजणारी पट्टी) लावलेला पोलादी दांडा तळात रोवून बर्फासोबत ओढत नेला, म्हणजे वाकण्यावरून गाळाची ताकद कळते.

आमच्याकडे आहे 60 मिमीचा डायरेक्ट शिअर बॉक्स (दोन भागांची चौकोनी पेटी, वरून वजन ठेवून एक भाग सरकवायचा). दहा-बारा मिमी सरकला की खेळ खलास, आणि हिमनदीखालचा गाळ तर मीटरच्या मीटर कातरला जातो. शिवाय या बॉक्सवर 1 किलो वजन म्हणजेच 2.7 किलोपास्कल, त्यामुळे वजनं टांगायच्या नुसत्या हँगरनेच हवा त्यापेक्षा जास्त दाब पडतो.

बॉक्स मागे-पुढे फिरवून मिळालेली अवशिष्ट ताकद (खूप कातरल्यावर शेवटी उरणारी) धरता येईल का? रिंग शिअर यंत्र (कड्यासारखा नमुना गोल फिरवत हवा तितका कातरणारं) कोल्हापूर, पुणे किंवा गोव्यात कुणी वापरू देईल का? नमुना म्हणून क्रशरची डस्ट आणि निपाणीकडची काळी माती मिसळायचा विचार आहे. लाल मातीत लोहामुळे कण चिकटून गोळे होतात, म्हणून ती नको. पण काळी माती फुगते, त्याचं काय करावं? केलेल्यांनी सांगा, नुसती लिंक नको.